‘हळदी स्पेशल’मधला चिखल

नायगावला खाडीच्या अंगाला जे नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर कॅफे आहे, आणि त्या कॅफेच्या भिंतीवर आमचं मेमरी कार्ड टांगलेलं आहे. नखाएवढं काळं कार्ड, त्याभोवती पांढरा पुठ्ठा, मग लाकडी चौकट आणि वर पिवळा दिवा. आमच्या घरात वारलेल्या माणसांच्या फोटोंनासुद्धा इतका चांगला दिवा कधी मिळाला नाही. खाली इंग्रजीत लिहिलंय की हे वसईतल्या पहिल्या क्वीअर-फेमिनिस्ट पंक बँडचं एकमेव रेकॉर्डिंग. पहिला म्हणजे दुसरा कुठे आहे, असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण मला फुकटची कोल्ड कॉफी दिली होती, म्हणून गप्प बसले.

कॅफेत कार्यक्रम करणाऱ्या पोरांचा एक गट आहे. तन्वी त्यांची म्होरकी. केस एका बाजूने भादरलेले, मनगटावर इंजेक्शनची सुई गोंदवलेली. ती का, हेही मी विचारलं नाही. चांदीपला तिचा मामा राहतो. त्याच्या जुन्या फोनमधल्या कार्डात ‘हळदी स्पेशल’ नावाच्या फोल्डरमध्ये तिला आमचं गाणं सापडलं. मग कुणाकुणाला विचारत ती नंदाखालला माझ्यापर्यंत आली. शनिवारी आमचा कार्यक्रम आहे ताई, तुमचं गाणं आम्ही वाजवतोय, तुम्ही दोन शब्द बोला, म्हणाली. मला कुणी दोन शब्द बोला म्हटलं की दोनच शब्द सुचतात, आणि ते छापण्यासारखे नसतात. तरी मी सरावाच्या दिवशी गेले. गाण्यातला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता.

त्यांनी आधी आमचं गाणं लावलं. मोठ्या, काळ्या, महागड्या स्पीकरवर. तन्वी कौतुकाने म्हणाली, “नॉइज पूर्ण काढून टाकलाय ताई, एकदम क्लीन केलंय.” खरंच साफ केलं होतं. मूळ गाण्यामागे आमच्या वाडीतल्या विहिरीवरचा पंप टकटकायचा. मधेच माझे वडील खोकायचे. शेवटी शेवटी सुकलेली झावळी धपकन खाली पडायची आणि वैजू गाता गाता हसायची. पंप गेला, वडील गेले, झावळीही गेली. हसणं तेवढं राहिलं होतं, पण आता ती कशाला हसतेय ते कुणाला कळणार नव्हतं.

वैजू म्हणजे आमची गाणारी. हे तिचं खरं नाव नाही.

ती कोल्हापूरकडची. वडील एसटीत, त्यांची बदली झाली म्हणून आठवीत आमच्या शाळेत आली. पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरी घेतली आणि तिने उभं राहून सांगितलं, “मी आलो नव्हतो काल, बाई.” सगळा वर्ग फुटला. तिच्याकडे बायका असंच बोलतात, आलो, गेलो, जेवलो. तिची आईही भाजीवाल्याला ‘उद्या घेतो’ म्हणायची. पण आमच्या वर्गाला ते कुठलं माहीत असायला? वसईच्या जुन्या गावांतल्या आम्ही पोरी, प्रत्येकीच्या घरची बोली वेगळी, घरात बोलतो ते बाहेर बोललो तर चारचौघांत हसं होईल म्हणून जीव मुठीत धरून प्रमाण मराठी बोलणाऱ्या. अशा माणसांना दुसऱ्याच्या बोलीवर हसायला मिळालं की कोण आनंद होतो. बाईंनी तिला ‘आले’ म्हणायला लावलं. रोज लावलं. महिन्याभरात ती अशी स्वच्छ ‘आले, गेले, जेवले’ करायला लागली, की हसणाऱ्यांचा सगळा विरसच झाला.

माझ्यापाशी मात्र ती ‘आलो’च म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. मला वाटायचं, माणूस घरी आल्यावर चपला काढतं तशी ही माझ्याकडे येऊन बोली मोकळी सोडते.

आमच्या वाडीच्या टोकाला केळी पिकवायची खोली होती. जाड भिंती, खिडकी नाही, बुटकं दार. पिकवणं बंद झालं तरी भिंतींना वास होता. धुराचा, केळीच्या चिकाचा, नारळाच्या ओल्या सोडणाचा. पावसाळ्यात त्या वासात बुरशी मिसळायची, मेमध्ये तो इतका गोड व्हायचा की डोकं दुखायचं. आतला आवाज बाहेर जायचा नाही, आणि गेला तरी घड फोडतायत असं वाटावं. तिथे आम्ही तिघींनी बँड काढला. मी, वैजू आणि माझी चुलतबहीण फ्लोरी. फ्लोरी आता कॅनडात बर्फ उपसते आणि फोटो पाठवते.

बँड म्हणजे काय, तर वैजूकडे चर्चच्या कॉयरने टाकून दिलेली गिटार, तिला दोन तारा कमी. फ्लोरीकडे लहान मुलांचा कीबोर्ड, ज्यातून मधेच कोंबडा आरवायचा. माझ्याकडे लग्नातल्या बँडवाल्याने फुटका म्हणून दिलेला मोठा ढोल आणि खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा. मंडपवाल्याचा जळका भोंगा मीच दुरुस्त केला. दुरुस्त म्हणजे, तो आधी गप्प असायचा, नंतर किंचाळायला लागला.

असलं संगीत जगात असतं, हे आम्हाला फ्लोरीच्या आखातातल्या मावशीमुळे कळलं. कुठल्याशा परक्या बायकांची, त्यांनी घरातच भरलेली एक कॅसेट तिने कपड्यांच्या पिशवीतून आणली होती, सुरांची म्हणून नव्हे, तर कॅसेट रिकामी आहे समजून. आम्ही ती लावली आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली. त्या बायकांना गाता येत नव्हतं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. एका गाण्यात एक बाई दुसऱ्या बाईच्या नावाने इतकी ओरडत होती, की शब्द कळत नसूनही वैजूचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

आता वसईत संगीताला तोटा नव्हता. संगीताने नुसता उच्छाद मांडला होता. कॉयरमधली माणसं रविवारच्या मिस्सात डोळे मिटून अशी गायची, जणू देवाने त्यांची वेगळी नोंद ठेवलीय. गावच्या सणाला स्टेजवर काळे टीशर्ट घातलेली पोरं यायची, इंग्रजी गाणी गायची, बंडाची. बंड संपलं की त्यांची आई त्यांना डब्यातून डुकराच्या मटणाचं सोरपोतेल द्यायची आणि ती मुकाट खायची. त्यांना विचारलं, आम्हीही वाजवू का, तर म्हणाले, तुम्ही मागे कोरस करा, किंवा पाण्याच्या बाटल्या सांभाळा. फ्लोरीने बाटल्या सांभाळल्या आणि सगळ्या खाडीत टाकून आली.

कॉयरच्या मास्तरांना आमचा सुगावा लागला. ते मराठीही शिकवायचे, म्हणजे दोन्हीकडून सज्जन. मला गाठून म्हणाले, पंक म्हणजे काय माहीत आहे का तुला? पंक म्हणजे चिखल. पंकात जन्मतं ते पंकज. कमळ व्हा, चिखल होऊ नका. इतका चांगला सल्ला कुणी दिला नव्हता. बँडला नाव नव्हतं, त्या संध्याकाळी मिळालं. आम्ही ढोलावर चुन्याने ‘चिखल’ लिहिलं.

गाणं एकच धड झालं. वैजूने लिहिलेलं.

मी आलो गं, मी आलो,
वरात नाही, बाजा नाही,
पायात चिखल घेऊन आलो,
दार उघड, नाहीतर मोडतो.

एवढंच, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. एकदा उकाड्यात खोलीचं दार सताड उघडं ठेवून आम्ही ते फोनवर भरलं. ‘मोडतो’ला मी डबा हाणायचे. ती माझ्याकडे बघून गायची. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे वाक्य आता मला सरळ लिहिता येतं, कारण ज्यांना ते खपलं नसतं त्यातले बरेचसे आता जमिनीखाली आहेत, आणि उरलेल्यांना मी विचारत नाही. तेव्हा मात्र त्या खोलीतही ते आम्ही कधी नीट म्हटलं नाही. तिने गाऊन म्हटलं, मी डबा बडवून.

कॉलेज झाल्यावर वैजू स्टेशनाजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात लागली. ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेलं दुकान. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं: तेव्हा लोक कार्ड घेऊन यायचे, भक्तिगीतं, जुनी गाणी, हळदीची गाणी भरून न्यायचे. आमच्याकडे हळदीच्या गाण्यांना भारी मागणी. लग्न एक दिवसाचं, हळद रात्रभर वाजते. वैजू दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून ‘देते दादा’, ‘भरते काकी’ करायची आणि प्रत्येकाच्या ‘हळदी स्पेशल’ फोल्डरमध्ये गुपचूप आमचं गाणं टाकायची. नाव द्यायची ‘हलदी डीजे नॉनस्टॉप’. पैसे देऊन आपला आवाज पसरवणाऱ्या त्या काळ्या टीशर्टवाल्यांची सीडी त्यांच्या मावश्यांनीही ऐकली नसेल. आमचा चिखल मात्र विरारपासून भाताणेपर्यंत माणसांच्या खिशांत फिरत होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आज भाषणं करणारी मंडळी ज्याला कलेचा प्रसार म्हणतात, तो आम्ही असा फसवून केला.

एकदाच तो डोळ्यांदेखत पाहिला. दुकानाच्या मालकाच्या नात्यात चांदीपला हळद होती, वैजू मला घेऊन गेली. खळ्यात मंडप, हळदीचा आणि मटणाच्या रश्शाचा एकत्र वास, बायका पदर खोचून नाचतायत. आणि दोन गाण्यांच्या मध्ये आमचा ढोल सुरू झाला. पाय थबकले. डीजेवाल्याने वायर हलवून बघितली. एक म्हातारी तेवढी नाचायची थांबली नाही. नवऱ्या मुलाची आत्या होती ती, हातात हळदीची वाटी तशीच.

“ह्ये कोनचं गानं?” कुणीतरी विचारलं.

“पोरगा हाय, भांडतोय,” आत्या नाचता नाचता म्हणाली. “बाईला आनाला आलाय आनि ती दार उघडत नाय. वाजू दे. भांडनाचं गानं हलदीला चालतं.”

वाजलं. पूर्ण वाजलं. सगळ्या बायका ‘मोडतो’ला पाय आपटत नाचल्या. परत येताना वैजू सारखी तेच म्हणत होती, पोरगा म्हणाली मला, ऐकलंस? पोरगा म्हणाली. मी हसले. मला वाटलं, आमची फसवणूक इतकी जमली म्हणून ती खूश आहे.

पुढे वैजूचे वडील निवृत्त झाले आणि ते लोक परत गेले. वैजूला राहता आलं असतं. नोकरी होती, आमच्याकडे जागा होती, माझी आय तिला मैद्याचे फुगे तळून वाढायची आणि बाय म्हणायची. मी सगळं पुढ्यात मांडून बघितलं. ती एसटीत चढताना एवढंच म्हणाली, “जातो.” मी वळून घरी आले. भाकऱ्या थापायला गेली, असं मी फ्लोरीला सांगितलं, आणि नंतर कुणी विचारलं की हेच सांगत राहिले. अशा वाक्याने बरं वाटतं. फार वेळ नाही, पण वाटतं. पुढे खोली पाडली, तिथे आता चुलत्याचं गेस्टहाउस आहे, शनिवार-रविवार मुंबईची माणसं येऊन केळीच्या झाडांबरोबर फोटो काढतात.

तर नायगाव. पोरांनी वाद्यं जुळवली. वाद्यं चांगली होती, गिटारला सगळ्या तारा होत्या. तन्वीने माइक धरला आणि गाऊ लागली, “मी आले गं, मी आले.”

मी थांबवलं. शब्द चुकतोय, म्हटलं.

“नाही ताई, ते आम्ही मुद्दाम चेंज केलंय,” तन्वी म्हणाली. आधी तिला वाटलं होतं, ‘आलो’ म्हणजे गाणारीने जाणूनबुजून पुरुषाचं रूप घेतलंय, त्यावर तिने कार्यक्रमासाठी हाताने शिवलेल्या पुस्तिकेत पानभर लिहायलाही घेतलं होतं. ते पान तिने मला पहिल्याच भेटीत वाचून दाखवलं होतं. लिंगभावाचे साचे, व्याकरणाची सत्ता, असं बरंच काही. मी आयुष्यात जेवढं हसायचं ठरवलं होतं, तेवढं त्या पानाला हसले होते. तेव्हाच मी तिला तोडून सांगितलं होतं की बाई गं, यात क्रांती-बिंती काही नाही, कोल्हापूरकडे चुलीपुढची म्हातारीही ‘आलो’ म्हणते. जरा चार गावं फिरा आणि मग पानं भरा. तिने ते मनावर घेतलं. पान काढून टाकलं. आणि मग तिच्या डोक्यात सरळ हिशोब आला. “म्हणजे ते तर फक्त डायलेक्ट आहे ना? मग आम्ही मुली गातोय तर ‘आले’ का नको? ‘आलो’ ऐकून लोकांना मुलगाच वाटतो यार, मुली इरेज होतात त्यात.”

माझ्याच शहाणपणाने माझं तोंड बंद केलं. तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना आणि ते ‘आले’ सहनही होईना. झावळी गेली, पंप गेला, खोली गेली; वैजूचं म्हणून त्या गाण्यात हा एक शब्द उरला होता, आणि तो का हवा ते मला सांगता येत नव्हतं. वैजूला विचारते, म्हटलं, ती हो म्हणाली तर बदला. नंबर माझ्याकडे होता. इतकी वर्षं होता. बाहेर येऊन खाडीकडे तोंड करून उभी राहिले. ओहोटी लागलेली, चिखलाचा वास.

“बोल की,” वैजू म्हणाली. कोण बोलतंय ते विचारलंसुद्धा नाही. मागे म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजत होती.

मी सगळं सांगितलं. चौकटीतल्या कार्डाला ती खूप हसली. मग मी विचारलं, त्यांना ‘आले’ करायचंय. तुमच्याकडे बायका ‘आलो’च म्हणतात, बाकी त्यात काही नाही, असं मीच त्यांना सांगून बसले. आता ते म्हणतायत, मग बदललं तर काय बिघडलं. तू म्हणशील तसं.



“तू असं सांगितलंस?”

“मग काय सांगायचं?”

“मला ‘आले’ म्हणता येत नव्हतं होय गं? बाईंनी महिन्याभरात घोटून घेतलेलं. दुकानात दिवसभर ‘देते, येते’ करायचो. त्या खोलीत आल्यावर तेवढं खरं बोलायचो. तुझ्यापुढं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“इथं बरं पडतं,” वैजू म्हणाली. “इथं सगळ्याच बायका आलो-गेलो करतात. त्यात माझंही खपून जातं, कोण वळून बघत नाही. तिकडं तुमच्यात राहिलो असतो तर जन्मभर ‘आले’ म्हणायला लागलं असतं. म्हणून परत आलो. तुला वाटलं असंल, भाकऱ्या थापायला.”

इथवर मी ‘ती’ लिहीत आले, कारण इथवर मला तेवढंच माहीत होतं. ज्या पोरीच्या पानाला मी हसले होते, तिने ते एका नखाएवढ्या कार्डावरून ओळखलं होतं. मी वर्षानुवर्षं त्याच्या समोर बसून डबा बडवत होते.

‘आलो’च राहू दे, म्हणाला. का, ते विचारलं तर सांग हवं तर, फक्त नाव-गाव नको. मी फोन तसाच हातात धरून आत गेले आणि तन्वीला म्हटलं, तुझं ते पान परत घाल आणि ‘आलो’ म्हण. तिने का म्हणून विचारलं. तुझं बरोबर होतं, एवढंच मी म्हटलं. मला हे वाक्य म्हणायची सवय नाही, त्यामुळे ते फार हळू आलं आणि तिने पुन्हा विचारलं. मग ती गायली. दोनदा ‘आले’ निसटलं, जीभ वळेना. मग वळली. मी फोन स्पीकरकडे धरून उभी राहिले, गाणं संपेपर्यंत.

“ऐकलंस?” बाहेर येऊन विचारलं.

“ऐकलं. डबा नाही त्यांच्याकडं.”

“नाही. यंत्रातून वाजवतात.” भाकऱ्यांचं काढावं असं वाटलं, पण त्याला उशीर झाला होता. शनिवारी कार्यक्रम आहे, म्हटलं. आणि मग म्हटलं, “वसईला आलास तर घरी ये.”

साखळी वाजायची थांबली. कुणीतरी म्हशीच्या मानेवर हात ठेवल्यासारखी.

“येतो,” तो म्हणाला.